'एस्पेरार' : एक स्पॅनिश क्रियापद, तीन मराठी अर्थ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'एस्पेरार' या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

शब्दकोश उघडला तर तीन अर्थ सापडतात : आशा करणे, अपेक्षा करणे आणि वाट पाहणे. मराठीत या तिन्ही गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की 'मी बसची आशा करतो' असे कोणी म्हटले तर आपण हसू, आणि 'तू सुखरूप असशील अशी मी वाट पाहतो' हे वाक्य तर मराठीत उभेच राहत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तिन्हींना एकच क्रियापद पुरते. पहिल्या काही महिन्यांत हा शब्द सोपा वाटतो, कारण तो नियमित चालतो (एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान) आणि पाठ्यपुस्तकातील पहिली वाक्ये बहुधा बसथांब्यावरची असतात. पुढे एखादे पत्र किंवा बातमी वाचताना 'एस्पेरामोस' दिसते आणि लिहिणारी मंडळी वाट पाहत आहेत, आशा बाळगून आहेत की ठणकावून काही मागत आहेत, हे कळेनासे होते. पुढील बहुतेक प्रश्न त्याच अडचणीतून आले आहेत.

हे योगायोगाने सारखे दिसणारे तीन शब्द आहेत की खरोखर एकच शब्द?

एकच शब्द आहे. मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी पट्टी हे दोन अर्थ मनात कधी एकमेकांना भेटत नाहीत. 'एस्पेरार'चे तसे नाही. त्याचे मूळ लॅटिनमधील 'स्पेरारे', म्हणजे आशा करणे. स्पॅनिशला शब्दाच्या आरंभी 'स' आणि त्याला जोडून दुसरे व्यंजन सोसत नाही, म्हणून पुढे 'ए' लागला. आपल्याकडे स्टेशनचे 'इस्टेशन' झाले, त्याच जातीची ही सोय आहे. पुढे याच शब्दाने वाट पाहण्याचे कामही अंगावर घेतले. ज्याची वाट पाहायची ते येईल असा थोडा तरी भरवसा असल्याशिवाय माणूस थांबत नाही, त्यामुळे हा अर्थविस्तार अनैसर्गिक नाही. १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही आशेचा अर्थ आधी येतो आणि थांबण्याचा नंतर.

लॅटिनच्या इतर लेकींनी संसार वेगळा मांडला. इटालियनमध्ये आशेसाठी 'स्पेरारे' आणि वाट पाहण्यासाठी 'आस्पेत्तारे' असे दोन शब्द आहेत. प्रमाण फ्रेंचमध्येही 'एस्पेरे' फक्त आशेसाठी आणि 'आताँद्र' वाट पाहण्यासाठी आहे, जरी अमेरिकेतील लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये 'एस्पेरे' आजही वाट पाहण्यासाठी वापरतात. पोर्तुगीज मात्र स्पॅनिशच्याच बाजूला आहे, त्यामुळे गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज कानावर पडली आहे, त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही.

यातील इटालियन 'आस्पेत्तारे' मराठी वाचकाने जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याच्या मुळाशी बाहेर डोळे लावून बसणे आहे. आपल्या 'अपेक्षा' आणि 'प्रतीक्षा' या दोन्ही शब्दांत 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, हाच धातू आहे, आणि 'वाट पाहणे' तर सरळच बोलते. म्हणजे मराठीत वाट पाहणे हे डोळ्यांचे काम आहे आणि स्पॅनिशमध्ये ते मनाचे काम आहे. दोन्ही भाषांतील सीमारेषा एकमेकींवर बसत नाहीत याचे कारण मला तरी इथेच दिसते.

वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायचे कसे?

क्रियापदाकडे टक लावून उपयोग नाही. त्याच्यापुढे काय येते ते पाहावे. हे एक पथ्य पाळले तर बहुतेक वाक्ये आपोआप सुटतात.

पुढे थेट दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप आले, तर अर्थ जवळजवळ नेहमी आशेचा असतो. 'एस्पेरो बेर्ते मान्याना' म्हणजे 'उद्या तुझी भेट होईल अशी आशा आहे'. याच जागी मध्ये 'आ' हे अव्यय आले की आशा मावळते आणि थांबणे उरते : 'एस्पेरे आ तेर्मिनार' म्हणजे 'संपेपर्यंत मी थांबलो'.

पुढे वस्तू आली, उदाहरणार्थ 'एस्पेरो एल त्रेन', तर अर्थ वाट पाहण्याचा. वस्तूनंतर 'दे' लावून माणूस आला, तर अपेक्षेचा : 'नो एस्पेराबा एसो दे ती' हे आपल्या 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' या वाक्याचे तंतोतंत जुळे भावंड आहे, आणि ते उच्चारण्याचा सूरही दोन्हीकडे सारखाच दुखावलेला असतो.

'एस्तोय एस्पेरान्दो' असे चालू काळाचे रूप दिसले तर बहुधा कोणीतरी कुठेतरी ताटकळत आहे असे समजावे. आशा ही स्पॅनिश माणूस सहसा साध्या वर्तमानात बोलतो. कर्त्याच्या जागी माणूस नसून प्रसंग असेल, तर भविष्यात काय येणार हे सांगायचे असते : 'नो साबेस लो के ते एस्पेरा' म्हणजे 'तुझ्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे याची तुला कल्पना नाही'.

'एस्पेरो के बेंगास' आणि 'एस्पेरो आ के बेंगास' यांत एका 'आ'चाच फरक आहे. तो इतका महत्त्वाचा आहे का?

आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ 'तू येशील अशी आशा आहे' आणि दुसऱ्याचा 'तू येईपर्यंत मी थांबतो'. पहिले म्हणणारा घरी जाऊन झोपू शकतो. दुसरे म्हणणाऱ्याला जागचे हलता येत नाही.

अडचण अशी की हा 'आ' कानाला फसवतो. 'एस्पेरा आ आना' (तो आनाची वाट पाहतो) हे वाक्य सहज बोलण्याच्या वेगात उच्चारले की तिन्ही 'आ' एकमेकांत विरघळतात आणि विद्यार्थ्याला अव्यय ऐकूच येत नाही. शिवाय रोजच्या बोलण्यात वाट पाहण्याच्या अर्थीही 'आ' न लावता नुसते 'के' म्हणणारे अनेक जण भेटतात. म्हणून लिहिताना 'आ' काटेकोरपणे लावावा. ऐकताना मात्र त्यावर विसंबू नये आणि बोलणारा कुठे उभा आहे, घड्याळ पाहतो आहे का, याकडेही लक्ष द्यावे.

आघाताचाही असाच एक सापळा आहे. 'एस्पेरो'मध्ये जोर 'पे'वर पडला तर 'मी वाट पाहतो', आणि शेवटच्या 'रो'वर पडला तर 'त्याने वाट पाहिली'. लिपीत हा फरक शेवटच्या स्वरावरील तिरप्या चिन्हाने दाखवतात, आणि घाईत टंकलेल्या संदेशांत ते चिन्ह हमखास गळालेले असते.

माणसांपुढे 'आ' लावायचा असतो, मग 'एस्पेरा उन निन्यो'मध्ये तो का नाही?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर मराठी माणसाला आधीच ठाऊक असते. स्पॅनिशमध्ये कर्म विशिष्ट, ओळखीची व्यक्ती असेल तर त्याच्यापुढे 'आ' लागतो : 'एस्पेरो आ मी एर्मानो', मी माझ्या भावाची वाट पाहतो. पण 'एस्पेरा उन निन्यो' म्हणजे तिला मूल होणार आहे. ते मूल अजून जगात आलेले नाही, त्याला चेहरा नाही, म्हणून व्यक्तीचा मानही अजून मिळालेला नाही. 'एस्पेरा आ उन निन्यो' असे म्हटले तर ती शाळेच्या फाटकाशी एखाद्या मुलाची वाट पाहत उभी आहे असे चित्र डोळ्यांपुढे येईल.

मराठीत 'आम्ही मुलगी पाहायला गेलो' आणि 'आम्ही मुलीला पाहायला गेलो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात कांदेपोहे आहेत. दुसऱ्यात कदाचित मुलगी आजारी आहे. एका 'ला'ने हे सारे घडते. स्पॅनिशचा 'आ' आणि मराठीचा 'ला' प्रत्येक ठिकाणी जुळत नाहीत ('वाट पाहणे' तर 'ची' मागते, 'ला' नव्हे), तरी मुळातली जाणीव तीच आहे.

बाळाबद्दल बोलताना पुढे काहीही न जोडता 'एस्ता एस्पेरान्दो' एवढे म्हटले तरी कळते, जसे आपण 'तिला दिवस गेले आहेत' एवढ्यावर थांबतो. जरा जुन्या, सभ्य वळणाने बोलायचे तर 'एस्तादो दे ब्वेना एस्पेरान्सा', म्हणजे शुभ आशेची अवस्था, असे म्हणतात, आणि लॅटिन अमेरिकेत 'दुल्से एस्पेरा', गोड प्रतीक्षा, हा शब्दप्रयोग प्रचलित आहे. एका प्रयोगात आशा आहे, दुसऱ्यात प्रतीक्षा, आणि दोन्ही एकाच पोटातल्या बाळाविषयी.

'के' नंतर क्रियापदाचे रूप का बदलते?

आशेचा विषय अजून घडलेला नसतो, म्हणून स्पॅनिश तिथे साधे वर्तमान न वापरता क्रियापदाचे एक वेगळे रूप वापरते, ज्याला त्यांच्या व्याकरणात 'सुब्खुन्तिबो' म्हणतात. मराठी विद्यार्थी याला घाबरतात, खरे तर त्यांनी सर्वांत कमी घाबरायला हवे. 'त्याने यावे', 'पाऊस पडावा' हा आपला विध्यर्थ त्याच प्रांतातील आहे. 'एस्पेरो के युएवा' वाचताना मनात 'पाऊस पडावा' असे ऐकावे. सुघड भाषांतर नंतर करता येते.

क्वचित 'एस्पेरो के बेन्द्रा' असा साधा भविष्यकाळही दिसतो. तेथे आशेपेक्षा खात्री अधिक असते : 'तो येईलच असा माझा भरवसा आहे'. हे रूप चुकीचे नाही, पण शिकणाऱ्याने ते स्वतः वापरण्याची घाई करू नये.

येथे एक सावधगिरी. 'एस्पेरो के एस्तो नो से रेपिता' या वाक्याची घडण आशेचीच आहे, पण वरिष्ठ अधिकाऱ्याने ते म्हटले तर त्याचा अर्थ 'असे पुन्हा होता कामा नये' असाच घ्यावा. आपल्याकडे कार्यालयीन पत्रात 'योग्य ती दक्षता घ्याल अशी अपेक्षा आहे' असे लिहितात, तेव्हा तीही अपेक्षा नसते. व्याकरण इथे हात टेकते आणि कोण कोणाला बोलत आहे हेच ठरवते.

'नो मे लो एस्पेराबा' मध्ये 'मे' कशासाठी आहे?

क्रियापद स्वतःकडे वळवले की अपेक्षेचा, त्यातही अंदाजाचा, अर्थ पक्का होतो. 'नो मे लो एस्पेराबा' म्हणजे 'हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते', आणि 'क्वान्दो मेनोस ते लो एस्पेरास' म्हणजे 'अगदी ध्यानीमनी नसताना'. याला एक अपवाद लक्षात ठेवावा, तो आज्ञेचा. 'एस्पेराते' याचा अपेक्षेशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ 'थांब ना जरा'.

आज्ञा देताना कोणते रूप वापरावे?

ज्याला आपण 'तू' म्हणू त्याला 'एस्पेरा', ज्यांना 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हणू त्यांना 'एस्पेरे'. मेक्सिकोत 'एस्पेरामे तान्तितो', म्हणजे 'थोडुसं थांब माझ्यासाठी', असे लाडिक रूप सतत ऐकू येते. मराठीत या ठिकाणी 'वाट पाहा'पेक्षा 'थांब' हेच योग्य भाषांतर असते, म्हणजे तीन अर्थांत हा चौथा मराठी शब्द मिळवावा लागतो. 'एस्पेरा' हे एकच रूप 'तो वाट पाहतो', 'थांब' आणि 'प्रतीक्षा' हे नाम, अशी तिन्ही कामे करते, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे.

नामे कोणती, आणि तीही अशीच संदिग्ध आहेत का?

नामांत स्पॅनिशने बऱ्यापैकी वाटणी केली आहे. 'एस्पेरा' म्हणजे प्रतीक्षा आणि 'एस्पेरान्सा' म्हणजे आशा. म्हणून 'साला दे एस्पेरा' हे प्रतीक्षालय, 'लिस्ता दे एस्पेरा' ही प्रतीक्षा यादी, आणि औपचारिक पत्राच्या अखेरीस येणारे 'एन एस्पेरा दे सु रेस्प्वेस्ता' म्हणजे 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत', जिथे जुना मराठी माणूस 'कळावे' लिहून मोकळा होत असे.

अपेक्षेचा तिसरा अर्थ मात्र आशेच्या घरात बिऱ्हाड करून राहिला आहे. 'एस्पेरान्सा दे बिदा' हे शब्दशः 'जीवनाची आशा' असे भासते, पण तो लोकसंख्याशास्त्रातील सरासरी आयुर्मानाचा शब्द आहे. संख्याशास्त्रात 'एस्पेरान्सा मातेमातिका' म्हणजे यादृच्छिक चलाचे अपेक्षित मूल्य. बातमीचे भाषांतर करताना येथे पाय घसरण्याची शक्यता मोठी आहे, कारण 'देशातील जीवनाची आशा वाढली' हे वाक्य मराठीत चुकीचे असूनही छान वाटते.

'एस्पेरान्सा' हे मुलीचेही नाव आहे, जसे आपल्याकडे आशा आणि प्रतीक्षा ही दोन्ही आहेत. मध्य अमेरिकेत आणि क्यूबात एका हिरव्या, नाकतोड्यासारख्या कीटकालाही याच नावाने ओळखतात.

या शब्दाचा भारताशी काही संबंध आहे का?

पोर्तुगीज भावंडामार्फत आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील भूशिराला स्पॅनिशमध्ये 'काबो दे ब्वेना एस्पेरान्सा' म्हणतात. आपण त्याला केप ऑफ गुड होप या इंग्रजी नावाने ओळखतो. पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियास याने १४८८ मध्ये ते ओलांडले. त्याने त्याला वादळांचे भूशिर म्हटले आणि भारताचा मार्ग सापडण्याची चिन्हे दिसू लागल्याने राजा दुसरा जॉन याने ते नाव बदलून आशेचे केले, असे पोर्तुगीज इतिहासपरंपरा सांगते. दहा वर्षांनी, १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोहोचला. म्हणजे त्या नावातील आशा आपल्या किनाऱ्याची होती, आणि त्यापुढे काय वाढून ठेवले होते हे इथल्या लोकांना माहीत नव्हते.

गोव्यात कांदोळीचे चर्च आशेच्या मातेला, म्हणजे 'नोसा सेन्योरा दा एस्पेरान्सा'ला, वाहिलेले आहे. स्पेनमध्ये याच मातेचे सेव्हिल शहरातील 'एस्पेरान्सा माकारेना' हे रूप फार प्रसिद्ध आहे. या मातेचा दिवस १८ डिसेंबर, नाताळच्या सात दिवस आधी. तोलेदो येथील इ.स. ६५६ च्या धर्मसभेने तो ठरवला, आणि तो मेरीच्या बाळंतपणाच्या प्रतीक्षेचा सण मानला जातो. मूर्तीचे नाव आशा आणि सणाचा आशय प्रतीक्षा : शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच देव्हाऱ्यात बसलेले आहेत.

एस्पेरान्तो भाषेचे नाव याच शब्दावरून आले का?

त्याच कुळातून आले. झामेनहोफ याने १८८७ मध्ये वॉर्सा येथे आपली नवी भाषा 'दोक्तोरो एस्पेरान्तो', म्हणजे 'आशा करणारा डॉक्टर', या टोपणनावाने प्रसिद्ध केली. गंमत अशी की त्याच्या भाषेत 'एस्पेरी' फक्त आशेसाठी आहे. वाट पाहण्यासाठी त्याने 'आतेन्दी' हा वेगळा शब्द घेतला. स्पॅनिश 'आतेन्देर' मात्र वाट पाहणे नव्हे, तर लक्ष देणे किंवा सेवा करणे. फ्रेंच शिकून स्पॅनिशकडे आलेले विद्यार्थी येथे हटकून फसतात.

कोणत्या म्हणी आणि वाक्प्रचार माहीत असावेत?

'एस्पेरार कोमो आग्वा दे मायो' म्हणजे मे महिन्याच्या पाण्यासारखी वाट पाहणे. महाराष्ट्रातील वाचक येथे अडखळतो, कारण आपल्याकडे मेमधला पाऊस म्हणजे वळीव, आणि तो झोडपून गेला तर आंब्याचे नुकसान. स्पेनमध्ये मात्र त्या महिन्यातील पावसावर गव्हाचे दाणे भरतात. 'मेचे पाणी, वर्षाची भाकरी' अशा आशयाची म्हणच तिथे आहे. म्हणून भाषांतरात मे महिना ठेवू नये. 'चातकासारखी वाट पाहणे' हेच घ्यावे.

'प्वेदेस एस्पेरार सेन्तादो', म्हणजे 'बसून वाट पाहिलीस तरी चालेल', हे खोचक आहे : ते काही व्हायचे नाही, उगाच पाय कशाला दुखवतोस. 'एरा दे एस्पेरार' म्हणजे 'हे होणारच होते'. 'नो से इसो एस्पेरार' म्हणजे 'यायला वेळ लागला नाही'. बातम्यांत प्रतिक्रियांबद्दल हे फार वापरतात.

'एल के एस्पेरा देसेस्पेरा' ही म्हण भाषांतरकाराची कसोटी पाहते. 'देसेस्पेरार' म्हणजे आशा सोडणे, हताश होणे, वैतागणे. वाट पाहतो तो हताश होतो, हा झाला अर्थ. पण मूळ म्हणीत तो शब्द स्वतःचाच निषेध करतो, आणि आशा करणारा निराश होतो हेही त्याच चार शब्दांत ऐकू येते. 'वाट पाहता पाहता आस सुटली' इतपत मजल मराठीत मारता येते.

लॅटिन अमेरिकेत आणि स्पेनमध्ये वापर वेगळा आहे का?

अर्थ तेच आहेत. लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत 'एस्पेरार आ' ऐवजी 'एस्पेरार पोर' ऐकू येते, आणि स्पेनच्या बहुतेक भागांत 'एस्पेरान्सा'चा उच्चार 'एस्पेरान्था'कडे झुकतो. वाट पाहणे याच अर्थाचा नेमका शब्द हवा असेल तर 'आग्वार्दार' आहे, पण तो थोडा पुस्तकी वाटतो. आणि निव्वळ आशेसाठी अरबीतून आलेला 'ओखाला' आहे, ज्याच्या मुळाशी 'अल्लाची इच्छा असेल तर' हा भाव आहे. तो उच्चारला की वाट पाहण्याची शंका कोणालाही येत नाही.

सर्व खुणा पाहूनही अर्थ दोन्हीकडे लागत असेल तर काय करावे?

'एस्पेरो तु यामादा' हे वाक्य घ्या. तुझ्या फोनची मी वाट पाहतो आहे, तुझा फोन येईल अशी आशा आहे, तू फोन करायलाच हवास : तिन्ही अर्थ निघतात, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला त्यांतला कोणता तुझा असे विचारले तर तो बहुधा गोंधळून पाहील, कारण त्याच्या मनात ते वेगळे झालेलेच नसतात. व्यवहाराच्या पत्रात भाषांतरकाराने एक बाजू घ्यावी, आणि शंका असल्यास लिहिणाऱ्याला विचारावे. कथा-कवितेत मात्र मराठीतील एक जुना, लहान शब्द पुष्कळदा कामी येतो, तो म्हणजे 'आस'. 'तुझ्या फोनची आस लागली आहे' या वाक्यात आशाही आहे, ताटकळणेही आहे, आणि आस लागलेल्या माणसाची नजर दारावर असतेच. अपेक्षेचा अधिकार तेवढा त्यात येत नाही. तो हवा असेल तर वाक्य मोडून दुसरे लिहावे लागते.